ॲमेझॉनमधील धर्मप्रसार आणि संमतीचा प्रश्न

ब्राझील आणि पेरू यांच्या सीमेलगतच्या जावारी खोऱ्यात बायबलमधील वचने ऐकवणारे एक छोटे यंत्र सापडल्याची बातमी जुलै २०२५ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. मोबाइल फोनच्या आकाराचे, पिवळ्या-करड्या रंगाचे हे यंत्र सौरऊर्जेवर चालते. त्याला वीज लागत नाही आणि वापरणाऱ्याला अक्षरओळखही लागत नाही. ते आढळले कोरुबो जमातीच्या वस्तीत. या जमातीच्या एका गटाशी सरकारी पथकाचा पहिला शांततापूर्ण संपर्क झाला तो १९९६ मध्ये. तिचे काही भाऊबंद आजही घनदाट जंगलात बाहेरच्या जगापासून अलिप्त राहतात. ज्या प्रदेशात परवानगीशिवाय पाऊल ठेवण्यास मनाई आहे, तेथे हे यंत्र नेले कोणी, असा प्रश्न त्यानंतर ब्राझीलमध्ये विचारला जाऊ लागला.

प्रश्न एका यंत्रापुरता मर्यादित नाही. दुर्गम खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याविषयी जगभर दोन ठरावीक मते मांडली जातात. मिशनरी औषधे नेतात, शाळा काढतात, भाषेला लिपी देतात आणि जेथे सरकारी अधिकारी फिरकत नाही तेथे आयुष्य वेचतात, असे एक पक्ष म्हणतो. सेवेच्या आडून ते धर्मांतर घडवतात, रोग नेतात आणि संस्कृती मोडीत काढतात, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही पक्षांकडे पुराव्यांची कमतरता नाही. मात्र ज्यांच्याविषयी हा वाद चालतो, त्या लोकांचे म्हणणे सर्वांत शेवटी विचारात घेतले जाते. इक्वेडोर आणि ब्राझील या दोन देशांतील गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव तपासला, तर कळीचा मुद्दा श्रद्धेच्या खरे-खोटेपणाचा नसून संपर्काचा निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा असल्याचे दिसते.

क्युरारे नदीच्या वाळूवर

या वादातील सर्वांत गाजलेले प्रकरण इक्वेडोरमधील वाओरानी जमातीचे. अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील जंगलात राहणारे हे लोक शेजाऱ्यांमध्ये ‘औका’ या नावाने ओळखले जात. किचवा भाषेतील या शब्दाचा अर्थ रानटी किंवा शत्रू असा होतो. १९५० च्या दशकात त्यांची संख्या जेमतेम पाचशेच्या घरात होती आणि तेही परस्परांशी वैर असलेल्या गटांत विभागलेले होते. खुनाला खुनाने उत्तर देण्याची साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. मानववंशशास्त्रज्ञांनी पुढे गोळा केलेल्या वंशावळींनुसार प्रौढांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू हिंसाचारात झालेले होते. बाहेरून येणाऱ्या रबराच्या व्यापाऱ्यांचा आणि तेल शोधणाऱ्यांचा अनुभवही त्यांच्यासाठी रक्तरंजितच होता.

शेल या तेल कंपनीने १९३७ नंतर या भागात तेलाचा शोध घेतला आणि काही वर्षांनी काढता पाय घेतला. तिने मागे ठेवलेली धावपट्टी मिशनऱ्यांच्या विमानांना उपयोगी पडली. त्या गावाचे नावही शेल असेच राहिले. याच तळावरून १९५५ च्या ऑक्टोबरपासून नेट सेंट हा वैमानिक मिशनरी आपल्या छोट्या पिवळ्या विमानातून वाओरानी वस्तीवर घिरट्या घालू लागला. दोराला बांधलेल्या बादलीतून तो भांडी, सुरे, कपडे अशा भेटवस्तू खाली सोडत असे. ३ जानेवारी १९५६ रोजी विमान क्युरारे नदीच्या वाळूवर उतरले. ६ तारखेला एक पुरुष आणि दोन स्त्रिया तेथे येऊन भेटून गेल्या. ८ तारखेला नेट सेंट, जिम एलियट यांच्यासह पाचही अमेरिकी मिशनरी भाल्यांनी मारले गेले. ‘लाइफ’ नियतकालिकाने या घटनेची छायाचित्रे छापली आणि अमेरिकेतील एका पिढीला मिशनकार्याची प्रेरणा मिळाली.

त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. जिम एलियटची विधवा एलिझाबेथ आपल्या लहान मुलीसह आणि नेट सेंटची बहीण रेचल अशा दोघी १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये वाओरानींमध्येच राहायला गेल्या. आपल्या लोकांतून पळून येऊन एका मळ्यावर काम करणाऱ्या दायुमा या वाओरानी स्त्रीने रेचलला भाषा शिकवली होती. तिच्यामुळेच हा प्रवेश शक्य झाला. पाच मिशनऱ्यांना मारणाऱ्यांपैकी काही जणांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सूडाची साखळी तुटली आणि खुनांचे प्रमाण झपाट्याने घटले. अनेक वाओरानी वृद्धांनी स्वतःच सांगितले आहे की, बाहेरून कोणी आले नसते तर आपण एकमेकांना मारून संपवले असते. मिशनकार्याच्या कठोर टीकाकारांनाही कथेचा हा भाग नाकारता येत नाही.

तेलाच्या वाटेवर

नाकारता न येणारा दुसराही भाग आहे. टेक्साको आणि गल्फ या कंपन्यांना १९६७ मध्ये इक्वेडोरच्या पूर्व भागात लागो आग्रिओ येथे तेल सापडले. शोधमोहिमा दक्षिणेकडे, वाओरानी प्रदेशात सरकू लागल्या. याच काळात रेचल सेंट आणि त्यांची संस्था समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स यांनी विखुरलेले वाओरानी गट एकामागून एक तिवेनो येथील मिशनच्या वस्तीत आणले. तेल कामगार आणि वाओरानी यांच्यातील रक्तपात टळावा, हा त्यामागचा हेतू असल्याचे मिशनचे म्हणणे होते. टीकाकारांच्या मते या स्थलांतराने तेल कंपन्यांसाठी जमीन मोकळी झाली. दोन्ही विधानांत तथ्य आहे. हेतू कोणताही असो, परिणाम मात्र एकच झाला. सरकारने १९६९ मध्ये वाओरानींसाठी राखून ठेवलेला प्रदेश त्यांच्या मूळ प्रदेशाच्या दशांशाहूनही कमी होता.

त्याच वर्षी तिवेनोमध्ये पोलिओची साथ आली. आजवर लहान लहान गटांत, एकमेकांपासून अनेक दिवसांच्या अंतरावर राहणारे लोक एका जागी गोळा झाले होते. त्यांच्या शरीरात या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. सोळा जण मृत्युमुखी पडले. अनेकांना कायमचे अपंगत्व आले. काहीशेंच्या समाजात सोळा मृत्यू म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिवेनोतील परिस्थितीवर पहिले गंभीर बोट ठेवले ते संस्थेच्याच माणसाने. जेम्स योस्ट हा मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या मध्यावर तेथे पाठवला गेला. विमानातून येणारा माल, एका व्यक्तीभोवती एकवटलेली सत्ता आणि त्यातून वाढलेले अवलंबित्व त्याने नोंदवले. संस्थेने धोरण बदलले, वस्ती पुन्हा विखुरण्यास उत्तेजन दिले आणि रेचल सेंट यांना तेथून दूर होण्यास सांगितले. रेचल यांनी हे मानले नाही. संस्थेतून बाहेर पडून १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या वाओरानींमध्येच राहिल्या. व्यक्तीची निष्ठा आणि तिच्या कामाचे परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

इक्वेडोरचे अध्यक्ष हाइमे रोल्दोस यांच्या सरकारने १९८१ मध्ये संस्थेबरोबरचा करार संपुष्टात आणला. राष्ट्रीय सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य वाटला, तरी मिशनने रिकाम्या केलेल्या जागी सरकार मोठ्या प्रमाणावर उतरले नाही. ती जागा तेल कंपन्यांनी घेतली. मॅक्सस या कंपनीने १९९३ मध्ये वाओरानींबरोबर ‘मैत्रीचा करार’ केला आणि शाळा, दवाखाने, औषधे देण्याची जबाबदारी पत्करली. दाता बदलला, घेणाऱ्याची स्थिती तीच राहिली.

शब्दकोश आणि शुभवर्तमान

या संस्थेचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. कॅमेरून टाउनसेंड यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या या कामाला दोन चेहरे होते. लॅटिन अमेरिकेतील सरकारांशी करार करताना ती भाषाशास्त्राचा अभ्यास करणारी संस्था असे. अमेरिकेतील चर्चमध्ये देणग्या मागताना तिच्याच जोडीची विक्लिफ ही संघटना बायबलच्या भाषांतराचे ध्येय सांगे. सरकारांनाही ही सोय पथ्यावर पडली. जेथे स्वतःचा शिक्षक पाठवणे जमत नव्हते, तेथे दुसऱ्याच्या खर्चाने साक्षरता आणि विमानसेवा मिळत होती. पुढे राष्ट्रवादी विचारवंत आणि मानववंशशास्त्रज्ञ यांनी यावर टीका केली. बार्बाडोस येथे १९७१ मध्ये जमलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी तर आदिवासींमधील मिशनकार्य थांबवण्याचीच मागणी केली. मेक्सिकोने १९७९ मध्ये करार रद्द केला.

असे असले तरी भाषांचे जे दस्तऐवज या लोकांनी तयार केले, त्यांचे मोल कमी होत नाही. कित्येक लहान भाषांचे पहिले व्याकरण आणि पहिला शब्दसंग्रह मिशनऱ्यांच्याच हातचा आहे. मराठी वाचकाला हे नवे नाही. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मात्र येथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मिशनऱ्यांना प्रत्युत्तर देणारा समाज होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घातले. बाबा पदमनजी किंवा पंडिता रमाबाई यांच्यासारख्यांनी धर्म बदलला तो वाचून, विचार करून आणि आप्तांचा रोष पत्करून. पाठीशी शतकांचे वाङ्‌मय, छापखाने आणि मोठी लोकसंख्या असलेल्या समाजाला बाहेरच्या विचारांचा धक्का पचवता येतो. पाचशे माणसांच्या जमातीकडे यांपैकी काहीही नसते. बाहेरच्या जगाविषयीची सारी माहिती तिला एकाच खिडकीतून मिळते आणि ती खिडकी उघडणारा मिशनरीच असतो.

अर्थात लहान जमाती केवळ निमूटपणे स्वीकारतात, असेही नाही. डॅनियल एव्हरेट हा भाषाशास्त्रज्ञ १९७७ मध्ये याच संस्थेचा मिशनरी म्हणून ब्राझीलमधील माइसी नदीकाठच्या पिराहा जमातीत गेला. ज्या येशूविषयी तू सांगतोस त्याला तू पाहिले आहेस का, किंवा त्याला पाहिलेला कोणी तुझ्या ओळखीचा आहे का, असे त्या लोकांनी त्याला विचारले. नाही, हे उत्तर ऐकल्यावर त्यांचा रस संपला. कालांतराने एव्हरेटचीच श्रद्धा ढळली आणि तो मिशनकार्यापासून दूर झाला. पिराहांना नकार देता आला, याचे एक कारण त्यांची श्रद्धा किंवा जमीन त्या क्षणी कोणत्याही अटीला बांधलेली नव्हती, हे असावे.

झोए जमातीचा अनुभव

ब्राझीलने आदिवासींसाठी फुनाई ही सरकारी यंत्रणा १९६७ मध्ये स्थापन केली. एकाकी जमातींना शोधून, भेटवस्तू देऊन ‘माणसांत आणायचे’ हे तिचे सुरुवातीचे धोरण होते. या धोरणाने किती माणसे दगावली, हे तिच्याच कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. सिडनी पोसुएलो यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये ते बदलण्यात आले. एकाकी गटांशी आपण होऊन संपर्क साधायचा नाही, त्यांच्या प्रदेशाच्या सीमा राखायच्या आणि संपर्क त्यांनीच साधला तर वैद्यकीय पथक तयार ठेवायचे, हे नवे सूत्र ठरले. आदिवासींच्या जमिनींवरील हक्काला १९८८ च्या राज्यघटनेने मान्यता दिली.

नेमक्या याच काळात न्यू ट्राइब्ज मिशन या अमेरिकी संस्थेने उत्तरेकडील पारा राज्यात झोए जमातीशी संपर्क साधला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ध्येयच अद्याप न पोहोचलेल्या जमातींपर्यंत पोहोचण्याचे होते. १९८७ नंतरच्या काही वर्षांत फ्लू आणि मलेरियाने झोएंपैकी अनेकांचा बळी घेतला. आपण उपचार केले म्हणून अनेक जण वाचले, असा मिशनचा दावा होता. उपचारांची गरज संपर्कामुळेच निर्माण झाली, असे सरकारचे उत्तर होते. अखेर १९९१ मध्ये मिशनला तेथून बाहेर काढण्यात आले.

पुढची हकीकत मात्र इक्वेडोरपेक्षा वेगळी आहे. फुनाईने केवळ मिशनची हकालपट्टी केली नाही, तर तेथे स्वतःचे ठाणे आणि दवाखाना उभा केला. डॉक्टर भाषा शिकले. शक्य ते उपचार जंगलातच होऊ लागले. आज झोएंची संख्या तीनशेहून अधिक आहे. करोनाच्या साथीत ते छोट्या गटांत पांगून जंगलात राहिले आणि लस घेण्यासाठी ठरलेल्या जागी आले. वृद्ध वडिलांना पाठीवर घेऊन काही तास जंगल तुडवत लसीकरणासाठी आलेल्या झोए तरुणाचे २०२१ मधील छायाचित्र जगभर पाहिले गेले. मिशनला पर्याय म्हणून सरकार कसे उभे राहू शकते, याचा हा नमुना आहे. तो स्वस्त नाही, आणि म्हणूनच दुर्मिळ आहे.

जावारीतील संघर्ष

पश्चिमेकडील जावारी खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ८५ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक. जगात कोठेही एकवटलेल्या नसतील इतक्या एकाकी जमाती येथे असल्याचे मानले जाते. संपूर्ण ब्राझीलमध्ये अशा शंभराहून अधिक गटांच्या नोंदी फुनाईकडे आहेत. त्यांपैकी २८ गटांचे अस्तित्व निश्चित झालेले आहे.

अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांच्या काळात या धोरणाचा पाया डळमळला. इव्हँजेलिकल चर्चचा पाठिंबा हा त्यांच्या सत्तेचा मोठा आधार होता. एकाकी जमातींच्या विभागाचे प्रमुख ब्रुनो परेरा यांना ऑक्टोबर २०१९ मध्ये पदावरून हटवण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या पदावर रिकार्डो लोपेस दियास यांची नेमणूक झाली. ते पूर्वी न्यू ट्राइब्ज मिशनचे मिशनरी होते. त्याच सुमारास या संस्थेने पश्चिम ब्राझीलमधील दुर्गम वस्त्यांसाठी एक हेलिकॉप्टर विकत घेतल्याचे जाहीर केले. जगभर करोनाची साथ पसरत असताना हे सारे घडत होते.

या वेळी विरोध उभा केला तो परदेशी विचारवंतांनी नव्हे. जावारीतील आदिवासींची स्वतःची संघटना युनिवाजा न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२० मध्ये मिशनऱ्यांना खोऱ्यात प्रवेशबंदी करणारा आदेश तिने मिळवला. जुलैमध्ये संमत झालेल्या एका कायद्यात, आधीपासून तेथे असलेल्या मिशनऱ्यांना काही अटींवर राहता यावे, अशी तरतूद घालण्यात आली. लोपेस दियास यांना न्यायालयीन वादानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पद सोडावे लागले. युनिवाजा पुन्हा न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुइस रोबेर्तो बारोसो यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये महासाथीच्या काळात एकाकी जमातींच्या प्रदेशात मिशनऱ्यांना नव्याने प्रवेश देण्यास मनाई केली. पदावरून हटवलेले ब्रुनो परेरा पुढे युनिवाजाच्याच कामात सहभागी झाले. ५ जून २०२२ रोजी जावारीत ब्रिटिश पत्रकार डॉम फिलिप्स यांच्यासह त्यांची हत्या झाली. या हत्येचा संबंध मिशनऱ्यांशी नव्हता. बेकायदा मासेमारी करणाऱ्यांशी होता. पण सरकारने पाठ फिरवली की संरक्षित प्रदेशात कोणकोण शिरते, हे त्या घटनेने दाखवून दिले. लाकूडतोडे, सोने काढणारे, मासेमार आणि धर्मप्रसारक यांचे हेतू निरनिराळे असतात. विषाणू मात्र सर्वांबरोबर सारखाच प्रवास करतो.

चर्चमधील बदल आणि वाढता इव्हँजेलिकल प्रवाह

सर्व मिशनऱ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. ब्राझीलमधील कॅथॉलिक बिशपांच्या छत्राखाली १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी मिशनरी परिषदेने धर्मांतरापेक्षा जमिनीच्या हक्कांची लढाई महत्त्वाची मानली आणि त्यासाठी जमीनदारांचा रोष ओढवून घेतला. इक्वेडोरमध्ये बिशप अलेहांद्रो लबाका आणि सिस्टर इनेस अरांगो हे दोघे जुलै १९८७ मध्ये तागाएरी या एकाकी गटाकडे गेले ते तेल कंपन्यांच्या आगमनापूर्वी त्या लोकांचा जीव वाचवण्याच्या हेतूने. तागाएरींनी त्यांना भाल्यांनी ठार मारले. हेतू शुद्ध असला तरी समोरच्याला तो कळण्याचा मार्ग नसतो, हे या शोकांतिकेने पुन्हा सिद्ध केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये बोलिव्हियाच्या भेटीत अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांविरुद्ध चर्चकडून झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली.

दुसऱ्या बाजूला इव्हँजेलिकल प्रवाह वाढतो आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझीलमधील २६.९ टक्के लोक इव्हँजेलिकल आहेत. आदिवासींमध्ये हे प्रमाण त्याहून अधिक आहे. आता धर्मप्रसारक नेहमीच परदेशी किंवा गोरा नसतो. कित्येक वस्त्यांमध्ये पाद्री त्याच जमातीचा असतो आणि दारूचे व्यसन सोडवण्यासाठी किंवा आजारपणात आधार मिळावा म्हणून लोक स्वेच्छेने त्याच्याकडे जातात. या लोकांना ‘तुमची मूळ संस्कृती जपा’ असे शहरात बसून सांगणे हाही एक प्रकारचा उपदेशच आहे. धर्म बदलण्याचा अधिकार मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने प्रत्येकाला दिला आहे. तो आदिवासींना लागू नाही, असे म्हणता येणार नाही.

अंदमानमधील साम्य

भारतालाही हा प्रश्न परका नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण स्थानिक मच्छीमारांना पैसे देऊन अंदमानमधील नॉर्थ सेंटिनेल बेटावर पोहोचला. सेंटिनेली लोकांना ख्रिस्ताचा संदेश देण्याचे त्याच्या मनात होते. बाणांनी त्याचा बळी घेतला. १९५६ च्या नियमावलीने या बेटांवरील आदिवासींच्या प्रदेशात बाहेरच्यांना प्रवेशबंदी आहे. भारत सरकारने त्याचा मृतदेह परत आणण्यासाठी बळाचा वापर केला नाही आणि सेंटिनेली लोकांवर कारवाईही केली नाही. ग्रेट अंदमानी जमातींची एकोणिसाव्या शतकात रोगांनी कशी वाताहत केली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संयमाचे मोल पटेल. चाऊ शहीद की अविचारी, यावर अमेरिकी ख्रिस्ती वर्तुळातच मतभेद झाले. त्याच्या आगमनाने सेंटिनेलींना कोणता रोग झाला असता, याची चर्चा त्यामानाने कमी झाली.

निर्णय कोणाचा?

वाओरानींची आजची पिढी या साऱ्या इतिहासाकडे स्वतःच्या नजरेने पाहते आहे. मिशनच्या प्रभावाखालील वस्तीत वाढलेल्या आणि मिशनऱ्यांकडे शिकलेल्या नेमोंते नेनकिमो यांच्या नेतृत्वाखाली वाओरानींनी इक्वेडोर सरकारविरुद्ध दावा लावला. आपली खरी संमती न घेता जमीन तेलासाठी लिलावात काढली, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला आणि सुमारे पाच लाख एकर जंगलातील तेल उत्खननाचा मार्ग रोखला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात नेनकिमो यांनी मिशनऱ्यांनी दिलेल्या शिक्षणाबरोबरच त्याची किंमतही मांडली आहे. ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात इक्वेडोरच्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी यासुनी उद्यानाच्या एका भागातील तेल जमिनीतच राहू देण्याच्या बाजूने कौल दिला. याच जंगलात तागाएरी आणि तारोमेनाने हे गट आजही एकाकी राहतात. त्यांच्या संरक्षणात कसूर केल्याबद्दल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने इक्वेडोरला जबाबदार धरले. हा निकाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला.

या अनुभवांवरून दोन परिस्थितींमध्ये स्पष्ट फरक करावा लागतो. ज्या जमाती बाहेरच्या जगाशी व्यवहार करतात, त्यांच्याकडे धर्मप्रसारक यावा की न यावा, हे त्यांच्या ग्रामसभांनी आणि संघटनांनी ठरवायचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८९ च्या करारातील पूर्वसल्लामसलतीचे आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील संमतीचे तत्त्व हेच सांगते. खाणमालकाला आणि तेल कंपनीला जे तत्त्व लागू होते, ते मिशनलाही लागू व्हायला हवे. आणि त्यांनी होकार दिला, तर तो बाहेरच्या हितचिंतकांनीही मान्य करायला हवा.

जे गट एकाकी आहेत, त्यांची गोष्ट निराळी. ज्याच्याशी बोलताच येत नाही त्याची संमती घेता येत नाही, आणि संमती विचारायला जाणे हाच त्याच्या जिवाला धोका असतो. भाले, बाण आणि जंगलात आणखी आत सरकणे हीच त्यांची भाषा आहे. तिचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेने अशा गटांच्या हक्कांचे उल्लंघन करणे हा वांशिक संहाराचा गुन्हा ठरवला आहे तो याच कारणाने. अशा ठिकाणी धर्मस्वातंत्र्याचा दाखला गैरलागू ठरतो, कारण त्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू, म्हणजे ऐकून घेऊन नाही म्हणण्याची संधी, तेथे अस्तित्वातच नसते.

मात्र केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही. झोएंच्या आणि वाओरानींच्या अनुभवांतील फरक हाच आहे. एकीकडे मिशनच्या जागी डॉक्टर आला, दुसरीकडे तेल कंपनी. आजारी मूल घेऊन चार दिवस होडीने प्रवास करणाऱ्या बापाला औषध देणारा कोण, हे दुय्यम असते. सरकारी दवाखान्याला कुलूप असेल, तर तो ज्याच्याकडे औषध आहे त्याच्याकडेच जाणार, आणि औषधाबरोबर येणारा उपदेशही ऐकणार. अशा परिस्थितीतील श्रद्धेला निवड म्हणायचे की गरज, हे त्या बापालाही सांगता येणार नाही. ब्राझीलमध्ये २०२३ पासून आदिवासींसाठी स्वतंत्र मंत्रालय आहे. जावारीच्या सीमेवर पुरेशी ठाणी, होड्या आणि परिचारिका देण्यासाठी ते किती निधी मिळवते, यावर तेथील माणसांची निवड खरी ठरणार की नाही, हे अवलंबून आहे.